पेंग्विनांची वाट कोणी अडवली?

"बटनने पेंग्विन पळवून लावले? आमच्या बटनने?" इमी ओरडलीच. "अहो, तो तीन पायऱ्या चढताना मध्ये दोनदा बसतो!"

"वाळूत पंजे उमटलेत त्याचे," डॅरल म्हणाला. लाँगनोज बेचा कॅरव्हान पार्क, म्हणजे सुट्टीत तंबू नाहीतर केबिन घेऊन राहायची किनाऱ्यालगतची जागा, डॅरल चालवायचा. चड्डी, रबरी चपला आणि कमरेला किल्ल्यांचा जुडगा असा त्याचा बारमाही पोशाख. "सुट्ट्या लागल्यापासून संध्याकाळी एकही पेंग्विन वर येत नाही. लोक बघायला येतात आणि डास चावून घेऊन परत जातात. माफ कर बर्नी, पण उद्या सकाळी कुत्रा पार्कबाहेर पाहिजे."

बर्नी म्हणजे इमीचे आजोबा. इमी त्यांना पॉप म्हणायची. पॉप या पार्कमध्ये कायमचे राहायचे. रोज संध्याकाळी ते पाहुण्यांना पेंग्विन दाखवायला न्यायचे. हा उद्योग नॅनने, म्हणजे इमीच्या आजीने सुरू केला होता. मागच्या हिवाळ्यात नॅन गेली. बटन तिचा कुत्रा.

पॉपने चहाचा मग खाली ठेवला. "बटन जाणार असेल तर मीही जाईन, डॅरल," एवढंच ते म्हणाले आणि आत गेले.

पॉप बोलले की करतात, हे इमीला माहीत होतं.

"चला!" ती म्हणाली. तिचा मामेभाऊ लॉकी आणि शेजारच्या तंबूतली थाओ आधीच चपला शोधत होती.

इतक्या सकाळी किनाऱ्यावर गर्दी नव्हती. एका बाजूला खडक. दुसऱ्या बाजूला जीवरक्षकांचे लाल-पिवळे झेंडे. मधल्या रुंद वाळूवर मात्र सावलीच्या तंबूंची रांगच्या रांग उभी होती. खाली कोणी माणूस नाही, नुसत्या रिकाम्या खुर्च्या.

"ही माणसं तंबू काढतात कधी?" थाओने विचारलं.

"काढतात कुठले!" लॉकी म्हणाला. "तंबू रात्रभर इथेच असतात. जागा अडवून ठेवायला. काढला की दुसरा कोणीतरी बसतो ना! सगळ्यात मोठा डॅरलचा, तो निळा."

निळ्या तंबूला समुद्राच्या बाजूने कापडी भिंतही होती. तळाशी वाळूच्या पिशव्या ठेवलेल्या. वाऱ्याने ती फाडफाड वाजत होती.

"इकडे या! पाय जपून टाका!" थाओ गुडघ्यांवर बसली होती. ओलसर वाळूत छोट्या पावलांच्या रेघा पाण्याकडून वर आल्या होत्या. निळ्या भिंतीपाशी त्यांचा नुसता गोंधळ झाला होता. आणि मग त्याच रेघा पुन्हा पाण्याकडे गेल्या होत्या.

"म्हणजे ते येतात!" इमी कुजबुजली. "येतात, आणि परत जातात!"

"आणि बटनचे पंजे बघ. पेंग्विनच्या पावलांच्या वर उमटलेत," थाओ म्हणाली.

"वर म्हणजे नंतर! मी त्याला आज सकाळी फिरवलं ना!"

मागच्या झुडपांत नॅन आणि पॉपने ठेवलेल्या लाकडी घरट्यांतून बारीक चिरचिर ऐकू येत होती. पिल्लं भुकेली होती. आईबाप पोटात मासे घेऊन येत होते आणि कापडाच्या भिंतीपाशी अडून माघारी जात होते. झुडपांजवळच्या लाकडी ओट्यावर पाहुणे बसायचे, पण मध्ये तंबू असल्यामुळे त्यांना पाणी दिसतच नव्हतं.

तिघं धावत डॅरलकडे गेली आणि तंबूंमुळे पेंग्विन अडतात म्हणाली. डॅरल हसला.

"पोरांनो, लोक पूर्वीपासून तंबू लावतात."

"पण रात्री काढायचे! रात्रभर ठेवायला यंदापासून लागलेत. तुमचं बघूनच!" इमी म्हणाली.

डॅरलचे कान लाल झाले. "आजच्या दिवस काढले तर उद्या पहाटे ते केबिनवाले येऊन पसरतील. कोणी ऐकणार नाही. मीसुद्धा नाही!"

बाहेर येऊन लॉकीने डबा लाथाडला. "संपलं. मोठ्या माणसांना वाळू सोडवत नाही."

इमी हळूच हसली. "वाळू सोडवत नाही. पण त्यांना आणखी एक गोष्ट सोडवत नाही. लॉकी, तुझी बॅट कुठेय?"

दुपारी इमी निळ्या तंबूखाली गेली. डॅरल आणि त्याचे दोस्त खुर्च्यांत पसरले होते.

"केबिनवाले म्हणत होते," ती आईस्क्रीम चाटत म्हणाली, "तंबूवाल्यांना क्रिकेट फक्त टीव्हीवर येतं."

खुर्च्या करकरल्या.

"कोण म्हणालं?"

"सगळेच." हे अगदी खरं होतं. कारण थाओ त्याच वेळी केबिनवाल्यांकडे जाऊन, तंबूवाले तुम्हाला काय म्हणतात, ते सांगत होती. आणि केबिनवाले त्यावर बरंच काही बोलत होते!

"होऊन जाऊ दे सामना! आत्ता!" डॅरल उठला.

"पण जागा कुठेय?" लॉकीने भोळा चेहरा केला. "तिकडे पोहणारे, इकडे खडक. रुंद वाळू एवढीच. आणि इथे तर तंबू..."

"काढा रे तंबू!" डॅरल गरजला. "सगळे काढा! भिंतीपण!"

बघता बघता वाळू मोकळी झाली. बर्फाची पेटी उभी करून स्टंप झाले. समुद्रात उडवला तर बाद, आणि चेंडू उडवणाऱ्यानेच आणायचा! डॅरल पायचीत झाला. "पेटीला पायचीत नसतं!" म्हणून त्याने इतका वाद घातला, की सात वर्षांच्या एका पंच मुलीने त्याला मैदानाबाहेर काढलं. शेवटी केबिनवाले जिंकले. ठरल्याप्रमाणे हरलेल्यांनी वर गवतावर सगळ्यांसाठी सॉसेज भाजले. सूर्य टेकला तरी गप्पा संपेनात.

"तंबू?" कोणीतरी विचारलं.

"सकाळी बघू!" डॅरल तोंडात सॉसेज कोंबून म्हणाला.

इमीने त्याचा हात धरला. "डॅरल, आता तुम्ही माझ्याबरोबर यायचं. आणि बोलायचं नाही."

ओट्यावर पॉप पाहुण्यांना घेऊन बसले होते. त्यांच्या शेजारी नॅनची घडीची खुर्ची रिकामी होती आणि तिच्याखाली बटन पसरला होता. खुर्चीवर तिचा लाल काचेचा टॉर्च; लाल उजेडाला पेंग्विन बुजत नाहीत. पॉप तो रोज आणायचे, पण कोणाला हात लावू द्यायचे नाहीत.

लाटेच्या फेसात एक ठिपका दिसला. मग चार. ठिपके उभे राहिले. वाळूच्या कडेला घोटाळले. पुढचा पेंग्विन मान वाकडी करून बघत होता, कालची भिंत कुठे गेली म्हणून. मग पंख पसरून तो डुलत निघाला आणि मागोमाग सगळी टोळी! मोकळ्या वाळूवरून ते थेट झुडपांत शिरले. घरट्यांत एकच कलकलाट उठला. पाहुण्यांपैकी एक आजीबाई तोंडावर हात धरून हसत होत्या.

डॅरल पुटपुटला, "माझ्याच भिंतीमुळे परत जात होते?"

इमीने मान डोलावली.

"आणि क्रिकेटची भानगड तुमचीच ना?"

"तुम्ही पायचीत झालात, ते मात्र खरं होतं," लॉकी म्हणाला.

डॅरल खुदकन हसला. "हुशार आहात, कार्ट्यांनो! उद्यापासून ऊन उतरलं की तंबू खाली. पहिला माझा. आणि बर्नी, मी चुकलो. कुत्र्याचं नाव मी उगाच घेतलं."

"ते त्याला सांग," पॉप म्हणाले. मग त्यांनी नॅनच्या खुर्चीवरचा टॉर्च उचलला. जरा वेळ हातात धरला आणि इमीच्या हातात दिला. "उद्याची फेरी तू ने. नॅनने तुलाच सांगितलं असतं. बस इथे."

इमी नॅनच्या खुर्चीवर बसली. डॅरल गुडघे मोडत खाली वाकला. खुर्चीखाली तोंड घालून तो गंभीरपणे म्हणाला, "बटन, माफ कर, दोस्ता."

आरोपी घोरत होता.