गीताबाईंची जागा

आमगावच्या समाजभवनात दुपारची जेवणं आटोपली की समूहगीताची तालीम चाले. हेमेंद्र सरांनी गाणं भाताच्या रोवणीच्या चालीवर बांधलं होतं. शेताच्या बांधीत रोपं लावताना बायका समोरासमोर गातात तशा इथेही दोन रांगा, एक आयांची, एक लेकरांची. आईनं हाक मारायची, "ये गं पोरी, सांज झाली." लेकरानं ओ द्यायची, "आली वो माय." हाक गीताबाईंची, ओ डिंपलची.

डिंपल ही आयांच्याच रांगेतल्या सुमित्राबाईंची पोटची पोर. घरी कितीदा बोलावलं तरी मोबाइलमधून मान वर काढायची नाही. इथे मात्र गीताबाईंनी हाक मारली की ती पुढे झुकून ओ द्यायची. तालीम संपल्यावरही ती त्यांच्याचजवळ घुटमळायची, त्यांची पिशवी धरायची. सुमित्राबाई मनात म्हणायच्या, पोर माझी, आणि माया हिच्यावर!

गीताबाईंची एकुलती मुलगी शाळेत जायच्या आधीच तलावात बुडाली होती. त्याला आता इतकी वर्षं लोटली होती, की गावही ते विसरलं होतं.

एके दिवशी गीताबाईंना उशीर झाला. सुमित्राबाई सरळ त्यांच्या जागेवर जाऊन उभ्या राहिल्या.

"सर, आज मी मारीन हाक. सख्ख्या मायनं मारलेली बरी नाही का?"

बायका हसल्या. सरांनी पेटीचा सूर धरला. तेवढ्यात गीताबाई दारात आल्या आणि चपला न काढताच थबकल्या.

"सुमित्राबाई, तेथून हटा वो."

"काऊन? जागा का तुमच्या नावानं हाय?"

"मी डिंपलले हाक मारून नाही राहिली, बाई. कदीच नाही मारली."

"मंग कोनाले मारता?"

गीताबाईंची नजर सुमित्राबाईंच्या पायांजवळच्या फरशीवर गेली. जळते मेली, सुमित्राबाईंना वाटलं. त्यांनी डोळे मिटले आणि अगदी पोटातून हाक मारली.

"आली वो माय."

आवाज बोबडा होता. समोरच्या रांगेतून नाही, खालून आला, गुडघ्याजवळून.

त्यांनी डोळे उघडले. डिंपल ओठ मिटून उभी होती. पेटी थांबली.

कुणीच हसेना.

गीताबाई दारातच मटकन खाली बसल्या. डिंपल धावली ती त्यांच्याकडे. आईकडे तिनं पाहिलंही नाही. पण गीताबाईंनी तिचा हात झिडकारला. त्यांची जळती नजर सुमित्राबाईंच्या निऱ्यांवर खिळली होती.

"माही पोर होती ते," त्या म्हणाल्या.

सुमित्राबाईंनी खाली पाहिलं. निऱ्या ओल्या झाल्या होत्या, आणि मुठीत धरल्यासारख्या चुरगळल्या होत्या.

मग त्या निऱ्या हळूच सुमित्राबाईंच्या घराच्या दिशेने ओढल्या गेल्या.