तेल हाताला लागेपर्यंत

खोटं बोलून मला काय मिळणार आहे? मी गॅरेजवाला माणूस. नट ढिला असला की आवाज येतो, एवढीच माझी अक्कल. पण त्या मंगळवारी दुपारी दीड वाजता जे झालं, त्याचं कारण मला आजवर सापडलेलं नाही.

आधी दादाबद्दल सांगतो.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. हे गॅरेज त्याचंच. डिझेल इंजिनाला नवा टर्बो, म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा, बसवला की त्याचा एक नियम असायचा. टर्बोत वरून तेल ओतायचं आणि तेल इंजिनात परत नेणारा खालचा पाईप सोडून ठेवायचा. मग दादा गाडीच्या केबिनमध्ये बसून, डिझेल बंद ठेवून नुसता स्टार्टर फिरवायचा. मी गाडीखाली आडवा, तळहात पसरून.

"आलं का रे? की झोपलास?"

"आलं, दादा!"

तेल हाताला लागलं की मग पाईप जोडायचा. त्याआधी इंजिन चालू करायचं नाही, कोरडा टर्बो जळून जातो.

तीन वर्षांपूर्वी एका बसचा तोच पाईप जोडताना सांध्यात बसणारं गॅस्केट फाटलं. नवं आणायचा मला कंटाळा आला. त्याऐवजी मी गळती बुजवणारं सीलंट थापलं, चांगलं जाड. ते दाबलं जाऊन आत गेलं आणि पाईपचं भोक बुजलं.

परतीची वाट बंद झाल्यावर तेल टर्बोतून इंजिनात शिरलं. इंजिन स्वतःचंच तेल पिऊन सुसाट सुटलं. चावी काढली तरी थांबेना.

दादाने मला बाहेर ढकललं. इंजिनात हवा शिरते ते तोंड बंद करायला फळी घेऊन तो एकटा पुढे गेला...

इंजिन फुटलं. दादा जागीच गेला.

पाईप कोणी जोडला होता, असं सगळ्यांनी विचारलं.

मी म्हणालो, "दादाने."

तेव्हापासून वहिनी एकच म्हणायची, "त्यांची घाई नडली." ते ऐकलं की मी भरल्या ताटावरून उठायचो.

तर तो मंगळवार. एका ट्रकला नवा टर्बो बसवला होता. गॅरेजात मी एकटाच. वहिनी डबा घेऊन आली की तिलाच चावी फिरवायला सांगू, असं ठरवून मी खाली सरकलो. सवयीने तळहात पसरला.

आणि...

स्टार्टर फिरला.

चावी माझ्या खिशात होती.

टप्... टप्... हातावर तेल पडलं. इंजिन सकाळपासून गार होतं. तेल मात्र कोमट.

"आलं का रे? की झोपलास?"

माझ्या तोंडून आपसूक निघालं, "आलं, दादा."

मग काहीच नाही...

धडपडत बाहेर आलो. ट्रकची केबिन रिकामी. तिच्या दाराला कुलूप.

मागे वहिनी उभी होती, हातात डबा.

"कोणाशी बोलत होतास?"

मला रडू फुटलं. "वहिनी, बसचा तो पाईप मी जोडला होता. दादाने नाही."

तिने डबा खाली ठेवला. फडकं घेऊन माझ्या हाताचं तेल पुसलं, अगदी सावकाश.

"माहीत आहे मला. त्यांनीच सांगितलं. म्हणाले, धाकटा आहे, त्याला बोलू नकोस. आपणहून सांगेल."

दादा तर जागीच गेला होता.

त्याने तिला हे कधी सांगितलं, ते विचारायची माझी अजून हिंमत झालेली नाही.