लाइल हेंडरशॉटच्या अक्षरातली नोंद

विषय : प्रक्षेपण-नोंदवहीत मृत निवेदकाच्या अक्षरात झालेली नोंद.
संदर्भ : रविवार, १३ फेब्रुवारी १९७२, सकाळ.

ओहायोतल्या आमच्या गावात एफएमवर रॉक सुरू झालं तेव्हा ऐकणारे थोडे आणि वाजवणारे दोनच होते : लाइल हेंडरशॉट आणि डेल्फीन कोवालिक. मी, टीस्डेल, त्या रेडिओ केंद्राचा कारकून. रॉकमधलं मला ओ की ठो कळत नसे, नोंदवही कळायची. परवाना असलेल्या निवेदकानं कामावर आल्याची आणि सुटल्याची वेळ स्वतःच्या हातानं लिहायची, असा सरकारी नियम.

लाइल वीस मिनिटांची तबकडी लावून प्रक्षेपणाच्या मनोऱ्यावरचा बर्फ झाडायला जायचा. डिसेंबरात तिथूनच पडून मेला. तबकडी संपली, सुई खरखरत राहिली. श्रोत्यांना वाटलं, नवीन गाणं असेल.

त्या रविवारी मी टेकडीवरच्या खोलीत वही तपासायला गेलो. आत तापलेल्या यंत्रांचा वास. डेल्फीन कोट चढवत होती.

"मनोऱ्यावर जाते. बर्फानं आवाज चिरतोय."

मी वही उघडली. तिची हजेरी तिच्या अक्षरात : दहा. खाली तिरकं अक्षर : 'डी. कोवालिक सुटली, ११.४०.' शाई ओली होती. घड्याळात अकरा पंचवीस.

ती वाकली. "हे... लाइलचं अक्षर आहे. टीस्डेल, असली थट्टा नका करू."

"मी थट्टा करतो, असं कुणी म्हटलंय कधी?"

ती हसली नाही. "मग... आता?"

"चूक दुरुस्त करता येते." नियमाप्रमाणे मी नोंदीवर एक रेघ मारली, शेजारी माझी आद्याक्षरं घातली. "कोट काढ. बस."

वर मनोऱ्यावर कुणीतरी बर्फ झाडू लागलं. ठक्... ठक्...

"वर कोण आहे?" ती कुजबुजली.

मी तिचा हात धरला, तो सोडला नाही. अकरा चाळीसला बर्फाची लादी कोसळली, शिडीच्या पायऱ्या घेऊन. मग सगळं शांत.

डेल्फीन वाचली. दर नाताळला पत्र लिहिते.

मार्चमध्ये मला परवाना कार्यालयाचं पत्र आलं : निवेदकाच्या परवान्यासाठी आपला अर्ज मिळाला. मी अर्ज केलाच नव्हता. नक्कल मागवली. नाव माझं, पत्ता माझा, अक्षर लाइलचं. परवाना मिळाला की वहीत माझ्याही नावापुढे सुटण्याची वेळ लिहिता येईल.

अर्ज मागे घेतो, असं मी कळवलं. उत्तर आलं : आपली सही मूळ अर्जावरच्या सहीशी जुळत नाही, सबब विनंती अमान्य.

मी निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली. अर्ज प्रलंबित आहे.