सामान्यतेची रेषा

सोलापूरच्या बौद्धिक संपदा परीक्षण भवनातील तिसऱ्या विचारकक्षात पद्मजा येमूल डोक्यावर जाळीदार टोपी चढवून बसली होती, आणि आपल्याला काहीही सुचू नये यासाठी प्रयत्नांची पराकाष्ठा करीत होती.

ती मंदबुद्धी होती असे मात्र कोणी समजू नये. वस्त्रतंत्राची पदविका घेऊन पुढे तिने कायद्याची पदवी मिळवली होती. बौद्धिक संपदेचा विषय तर तिने असा घोटला होता, की घरी जेवताना भाजी चांगली झाली तरी ती या पाककृतीवर हक्क कोणाचा, असे विचारी. भवनाच्या सवेतन प्रशिक्षणासाठी तिची निवड झाली तेव्हा साऱ्या गल्लीत पेढे वाटले गेले. वर्षभर विद्यावेतन आणि वर्ष निर्विघ्न पार पडले तर परीक्षक म्हणून कायमची नेमणूक, असा तो करार होता. वर्ष आता सरत आले होते, आणि ती नेमणूक सोडून दुसरे कोणतेही स्वप्न पद्मजेला पडत नव्हते.

काचेपलीकडे भवनाच्या संचालिका डॉ. मंदाकिनी लोहोकरे उभ्या होत्या. त्यांच्या शेजारी शीतांबर उद्योगसमूहाचे वकील निरंजन खांडेपारकर होते. समूहाच्या नव्या कापडाच्या अर्जासाठी ते येथे प्रथमच येत होते. त्या टोपीकडे त्यांनी काहीशा संशयाने पाहिले आणि ही मुलगी नेमके काय करते, अशी पृच्छा केली.

"वकीलसाहेब, एकस्व, म्हणजे लोक ज्याला पेटंट म्हणतात ते, कोणत्या शोधाला मिळतं?" संचालिकांनी उलट विचारले.

"त्या विद्येतल्या सामान्य जाणकाराला जो सहज सुचणार नाही, त्या शोधाला. पण मॅडम, हा सामान्य जाणकार आजवर कोणी पाहिलेला नाही. तो कायद्याच्या पुस्तकात राहतो."

"आम्ही त्याला पुस्तकातून बाहेर काढला आणि विद्यावेतन सुरू केलं," डॉ. लोहोकरे शांतपणे म्हणाल्या.

मग त्यांनी सविस्तर सांगितले. ती टोपी म्हणजे स्फुरणमापक. त्या स्वतः तिच्या शोधकर्त्या होत्या. ठाऊक असलेल्या गोष्टीवरून न ठाऊक गोष्टीकडे मन उडी घेते तेव्हा मेंदूत जो तरंग उठतो, त्याची उंची हे यंत्र मोजते. भवन स्थापन झाले तेव्हा प्रशिक्षणार्थींच्या पहिल्या तुकडीला अशीच टोपी घालून बसवले होते. त्यांच्या उड्यांची सरासरी काढून मापावर एक तांबडी रेषा आखण्यात आली. तीच सामान्यतेची रेषा. कोणताही अर्ज आला की शोधकर्त्याची उडी मोजली जाते, आणि त्याच विद्येतल्या प्रशिक्षणार्थीला केवळ समस्या सांगितली जाते, उत्तर नाही. शोधकर्ता रेषेच्या वर आणि प्रशिक्षणार्थी खाली राहिला, की एकस्व मंजूर होते.

"आणि प्रशिक्षणार्थीच वर गेला तर?" वकिलांनी विचारले.

"मग तो सामान्य उरला नाही असं धरून त्याला कार्यमुक्त करतो. कसोटी पुढच्या प्रशिक्षणार्थीवर होते."

या एका नियमामुळे भवनात एक विलक्षण रीत पडली होती. येथील तरुण मंडळी बुद्धीला धार येऊ नये म्हणून अहोरात्र दक्ष असत. वर्तमानपत्रातील शब्दकोडे दिसले की ते तोंड फिरवीत. कसोटीच्या दिवशी कडक भाकरी, शेंगाचटणी आणि वर ताकाचे दोन पेले असा आहार घेतला जाई, जेणेकरून डोळ्यांवर झापड यावी. रंगरसायन विभागातील हाफीज बागवान हा तर कक्षात शिरताना मनात पाढे उलटे म्हणत असे. त्या सकाळीही त्याने पद्मजेला जिन्यातच गाठले होते. "काय गं, डोकं घरी ठेवून आलीस ना?" त्याने विचारले, आणि ती म्हणाली, "तुझ्यासारखं ते माझ्याकडे नसतंच तर बरं झालं असतं."

कक्षातील ध्वनिवाहकातून समस्या ऐकू आली. विजेशिवाय शरीर गार ठेवील असे कापड कसे करावे?

पद्मजेने डोळे मिटून ताकाचे स्मरण केले. परंतु मन हे मोठे अवज्ञाकारी आहे. तिला सुतळी आठवली. घट्ट पिळलेली सुतळी भिजली की पीळ बदलून अंग चोरते. मग एक धागा घट्ट पिळाचा आणि शेजारचा सैल असे विणले तर? घाम येताच घट्ट धागे आखडतील, विणीच्या फटी उघडतील आणि वारा आत येईल. घाम वाळला की कापड पुन्हा मिटेल. उन्हाळ्यात खिडकी, थंडीत भिंत. साधे सूत आणि साधा माग. तिच्या ओठांवर नकळत हसू आले, आणि त्याच क्षणी काचेपलीकडच्या मापाचा काटा तांबडी रेषा ओलांडून सरळ वर गेला.

तांबडा दिवा लागला.

खांडेपारकर अत्यंत प्रसन्न झाले. त्यांच्या समूहाच्या कापडात स्फटिकांच्या सूक्ष्म नलिका होत्या, आणि पद्मजेचे कापड त्याहून सरस होते, हे त्यांना मनातली कल्पना उमटवणाऱ्या यंत्राच्या पडद्यावर दिसतच होते. त्यांनी तिथल्या तिथे हिशेब मांडला. मुलगी असामान्य ठरली, म्हणजे ती येथून मोकळी होणार. तिला ते आपल्या समूहात नोकरी देणार. दोन्ही कापडे शीतांबरची. त्यांनी तसा प्रस्ताव मांडून पद्मजेचे अभिनंदनही केले.

पद्मजेला ते अभिनंदन ऐकूच गेले नाही. तिला परीक्षक व्हायचे होते. डॉ. लोहोकरे जड अंतःकरणाने कार्यमुक्तीचे शब्द उच्चारणार, एवढ्यात तिने टोपी काढून हातात घेतली आणि ती उभी राहिली.

"मॅडम, मी असामान्य आहे हे कशावरून ठरलं?"

"तू रेषा ओलांडलीस, बाळ."

"रेषा पहिल्या तुकडीवरून आखली. पण कायदा म्हणतो, अर्जाच्या दिवशीचा सामान्य जाणकार. आजचा सामान्य माणूस कोण, हे त्या तुकडीला कसं ठाऊक असणार?"

डॉ. लोहोकरे मापावरच्या रेषेकडे वळल्या. स्वतः यंत्र घडवणाऱ्या त्या विदुषीला इतकी वर्षे हा प्रश्न पडला नव्हता. काटा वर गेला की त्यांनी दर वेळी माणसावर बोट ठेवले होते, रेषेवर कधी नाही.

पद्मजा पुढे म्हणाली, "आणि आम्ही सगळे वर्षभर मुद्दाम ढ बनून बसतोय. सगळ्यांना एकदा मोकळं सोडून बघा ना."

संचालिकांनी ताबडतोब सर्व प्रशिक्षणार्थींना बोलावणे धाडले. कोणालाही एकमेकांशी बोलू न देता त्यांना निरनिराळ्या कक्षांत बसवले गेले आणि तीच समस्या सांगण्यात आली. सोबत एक आश्वासनही देण्यात आले, की आजच्या स्फुरणाबद्दल कोणालाही कार्यमुक्त केले जाणार नाही. अडवून ठेवलेले पाणी सोडावे तसे त्या तरुण मनांचे झाले. एकापाठोपाठ एक दिवे लागत गेले. साऱ्या सज्ज्यात तांबडा उजेड पसरला, जणू भवनात लग्नघर उभे राहिले होते. यंत्रविभागातील मुलीने पिळाच्या धाग्याचाच मार्ग धरला. कोणी विणीचा विचार केला, कोणी कापसाच्या पोकळीचा. सर्वांत वर हाफीज गेला. उलटे पाढे म्हणण्याची सवय सुटताच त्याला ऊन परतवणारा रंग सुचला, आणि तो बाहेर आला तेव्हा त्याचे केस टोपीच्या जाळीतून चहूकडे उभे राहिले होते.

"हे तुम्ही तयार केलेले लोक आहेत," खांडेपारकर म्हणाले. "वर्षभर शोधांत लोळताहेत. बाहेरचा सामान्य माणूस असा नाही."

संचालिकांनी त्यांची हरकत मान्य केली आणि बाहेरची माणसे त्यांनीच निवडावीत असे सुचवले. दुसऱ्या दिवशी वकिलांनी मोठ्या विश्वासाने आपल्याच समूहाचे नवे वस्त्रतंत्रज्ञ आणले. समूहाचे गार कापड कसे केले हे त्यांना ठाऊक नव्हते. तेही सगळे रेषेच्या वर गेले. एक तर समूहाच्या मुख्य शोधकर्त्यालाही मागे टाकून गेला. खांडेपारकरांनी त्याच्याकडे अशा नजरेने पाहिले, की त्याने टोपी काढून लगेच माफी मागितली.

"यात नवल नाही," डॉ. लोहोकरे म्हणाल्या. "भवनात फेटाळलेला प्रत्येक शोध आम्ही जनतेला वाचायला खुला करतो. मंजूर झालेला शोधही छापावाच लागतो. माणसं ते वाचतात, वकीलसाहेब. आपण रोज माणसाला वर चढवत होतो, आणि रेषा मात्र तिथेच खिळली होती."

नवी सरासरी काढून नवी रेषा आखली गेली. शीतांबरचा शोध त्या रेषेच्या बराच खाली आला. अर्ज फेटाळला गेला. पद्मजेचा काटा रेषेला किंचित खालून टेकला होता. म्हणजे ती पूर्णतः सामान्य होती. तिच्या कापडावर तिचा हक्क नव्हता, तसा कोणाचाच नव्हता. ज्याच्याकडे माग असेल त्याने ते विणावे.

"मी सामान्य आहे," असे पद्मजेने घरी दूरध्वनीवर सांगितले, आणि तिच्या आईने दुसऱ्यांदा पेढे आणवले.

तिची परीक्षक म्हणून नेमणूक झाली. तिच्या मेजावर पहिलाच अर्ज आला तो खांडेपारकरांच्या हरकतीचा. त्या काळात प्रत्येक एकस्व दरवर्षी नूतनीकरणाला येई आणि नवी रेषा आल्यापासून त्या दिवसाच्या सामान्य माणसाशी पुन्हा ताडले जाई. वकिलांचे म्हणणे तर्काला धरून होते. रेषा सर्वांसाठी वर सरकली असेल, तर ती स्फुरणमापकासाठीही सरकली. मग त्या यंत्रावरचे डॉ. लोहोकरे यांचे एकस्व तरी का टिकावे?

पद्मजेने दिवसभर दुसरे काही केले नाही. तिने नव्या प्रशिक्षणार्थींना कक्षात बसवून समस्या सांगितली, की माणसाला किती सुचले हे कसे मोजावे? त्यांच्यासाठी ही अवघड गोष्ट नव्हती. दिवे एकामागून एक लागले. एकाने तर टोपीऐवजी कानात घालायच्या मापकाची युक्ती सुचवली, आणि ती अधिक सुखकर होती.

नकाराचा निर्णय घेऊन ती संचालिकांच्या दारात उभी राहिली. ज्यांनी तिला बाळ म्हटले, त्यांच्याच आयुष्याच्या कामावर तिने सामान्य असा शिक्का मारला होता. डॉ. लोहोकरे यांनी चष्मा लावून कागद शांतपणे वाचला. मग त्या हसू लागल्या, आणि बराच वेळ त्यांचे हसू थांबेना.

"कारणं नीट दिली आहेस. एकच दुरुस्ती कर." त्यांनी शेवटच्या ओळीवर बोट ठेवले. "तू लिहिलंयस, शोधकर्ती असामान्य नाही. ते खोड. लिही, शोधकर्ती आता एकटी नाही."