शून्य सेकंदांची ओळ

"ही गोष्ट ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलावर बसायचा त्या माणसाची आहे," काका म्हणाले. "ऐकीव नाही." पोरं पांघरुणात सरकून बसली.

तो माणूस रुग्णवाहिकेच्या ऑफिसात होता. तिथले फोन इंटरनेटवरून येत आणि यंत्र प्रत्येकाची नोंद ठेवी. कुणी केला, कुणी उचलला, किती सेकंद चालला. पण ती नोंद म्हणजे अक्षरांची नुसती गिचमीड. तिचे रकाने पाडून एक्सेलमध्ये उघडेल अशी फाईल करणं हे त्याचं काम. सगळे त्याला 'चाळणी' म्हणत. कारण साहेबांचा हुकूमच होता, शून्य सेकंदांचे फोन, म्हणजे वाजले पण कुणी उचललेच नाहीत ते, चाळून टाकायचे. मग अहवालात एकही फोन चुकलेला नसे.

एका मंगळवारी तो फाईल घेऊन साहेबांकडे गेला, तर समोर एक मुलगी बसलेली.

"आई एकटी होती हो. दम लागला म्हणून रात्रभर तुम्हालाच फोन लावत होती. पहाटे गेली."

साहेब म्हणाले, "चाळणी, बघ रे हा नंबर."

त्यानं फाईल उघडली. "असा फोन आलेलाच नाही, ताई."

मुलगी रडली नाही. उठताना एवढंच म्हणाली, "तुमची आई सुखरूप राहो."

ती गेल्यावर साहेब हसले. "उद्या वकील आणेल. मूळ नोंदीतूनही काढून टाक."

"सगळ्या ओळी?"

"का? एखादी फ्रेम करून लावतोस?"

त्यानं काढल्या. त्या बाईच्या सगळ्या ओळी.

घरी पोचला तेव्हा सव्वाअकरा झाले होते. आई पलंगाच्या कडेला बसलेली, ओठ निळे. "बाळा... दम... पुरत नाही रे."

त्यानं आपल्याच ऑफिसला फोन लावला. पहिल्याच घंटेला उचलला.

"गाडी पाठवा! मी चाळणी बोलतोय. आई..."

पलीकडे कुणी बोलेना. फक्त धाप. म्हाताऱ्या माणसाची.

"कोण आहे?"

"उचललाय हं मी," पलीकडची बाई मायेनं म्हणाली.

"गाडी पाठवा ना!"

"हं..."

दुसरीकडे लावावा म्हणून त्यानं फोन कापू पाहिला. कटेना. बंद करायला गेला. होईना. शेजाऱ्यांकडे धावला. दाराची कडी हलेना.

खोलीत एक धाप. फोनात एक. हळूहळू दोन्ही एका लयीत आल्या.

मग एक थांबली.

फोनातली चालू होती.

"मग?" एका पोरानं हळूच विचारलं.

"मग काय. रात्रपाळीचे लोक शपथेवर सांगत होते, फोन वाजलाच नाही. आईचे दिवस करून तो कामावर आला. फाईल केली. त्याचा नंबर होता. आणि उचलणाऱ्याच्या रकान्यात... त्या मुलीच्या आईचा."

साहेब ओरडले, "काढ ती ओळ!"

"निघत नाही, साहेब," तो म्हणाला. "ती शून्य सेकंदांची नाही."

काकांनी कंदिलाची वात खाली केली.

"मी पाहिली ना ती फाईल. कागदावरच्यासारखे मेलेले आकडे असतात रे फाईलमधले, आपोआप हलत नाहीत. पण त्या ओळीतले सेकंद... मी बघत होतो तेवढ्यात वाढले."