भिंतीमागचे अकरा कॉल

खोटं वाटलं तर वाटू दे, पण हे माझ्या सख्ख्या मावसबहिणीच्या बाबतीत घडलंय. शुक्रवार होता. दुपारचे चार. चांगलं लख्ख ऊन.

ताई आर्किटेक्ट. तिनं एक ऑफिसची इमारत बांधली होती. मधोमध सगळ्यांनी मिळून बसायचा चौक, कारंजं, आणि तीन मजली हिरवी भिंत. जिवंत झाडांची! मागे पाइपांसाठी दोन फुटांची बोळ, आणि माळीकाकांना आत जायला एक छोटं दार.

ते दार ताईच्या डोळ्यांत खुपायचं. "एवढ्या हिरवळीत ठिगळ नुसतं!"

उद्घाटनाच्या सकाळी तिनं दार स्क्रू मारून बंद करवलं. वर कुंड्या लावल्या. आत कुणी आहे का, बघायची तसदी घेतली नाही.

चारला साहेबांचं भाषण सुरू झालं.

आणि भिंतीतून आवाज आला...

ठक. ठक. ठक.

ताईला लगेच कळलं. काका सकाळपासून दिसले नव्हते! पण दार उघडायचं तर पाहुण्यांसमोर कुंड्या उपटायच्या. सगळी शोभा जाणार.

ती पंपवाल्याच्या कानाशी लागली. "कारंजं मोठं करा."

टाळ्या झाल्या. फोटो झाले. पाहुणे गेल्यावर दार उघडलं...

काका गेले होते. डॉक्टर म्हणाले, उकाडा आणि हृदय. त्यांच्या मोबाइलवर ताईला लावलेले अकरा कॉल. बोळीत रेंज नव्हती, एकही लागला नव्हता.

"मला काय ठाऊक ते आत आहेत?" ताई म्हणाली. सगळ्यांना पटलं.

पुढच्या शुक्रवारी, चारला, तिचा फोन वाजला.

काकांचा नंबर.

तो मोबाइल तर काकांच्या घरी, काकूंच्या कपाटात बंद पडलेला...

तिनं उचलला. ठक. ठक. ठक. आणि भिंतीपलीकडून तिचाच आवाज... "कारंजं मोठं करा." मग नुसतं पाणी, आणि म्हाताऱ्या माणसाचं रडणं.

म्हणजे काकांनी ऐकलं होतं.

दर शुक्रवारी तेच. स्वतःचं सिम काढलं तरी फोन वाजायचा. काल रात्री तिनं मला सगळं सांगितलं.

"दहा झाले रे. उद्या अकरावा."

"काकूंना जाऊन खरं सांग," मी म्हटलं.

"वेडा आहेस का? मला काम कोण देईल मग?"

माझं डोकंच फिरलं. "मग भोग!" म्हणून मी उठून आलो.

आज सकाळपासून ताईचा पत्ता नाही. फोन लावला की संपर्क क्षेत्राच्या बाहेर.

आत्ता चार वाजले...

माझा फोन वाजतोय. नाव ताईचं आहे.

उचलायला हवा, कळतंय मला. पण हात पुढे होत नाहीये.