नाव न घेता

भेंडीचं टोक मोडून न बघता भेंडी घेणारी बाई सोलापुरात अजून जन्मायची आहे. आश्लेषाला अमेरिकेत, अर्विंगमध्ये येऊन तीन वर्षं झाली, आयटीतली नोकरी झाली, गाडी झाली, पण ही खोड काही सुटली नाही. दुकानात ‘भाजी मोडू नका’ अशी पाटी होती. तिनं इकडेतिकडे बघत हळूच एक टोक मोडलं – टक्!

शेजारून दुसरं टक् आलं.

एक उंच, काळा, कडक इस्त्रीच्या शर्टातला तरुण तिच्याइतकाच चोरासारखा उभा होता.

“ही जून आहे,” तो इंग्रजीत गंभीरपणे म्हणाला. “खालच्या घे, कोवळ्या आहेत.”

घ्या! सोलापूरच्या मुलीला हा भेंडी शिकवणार! तिनं त्याच्या ट्रॉलीत डोकावलं. ज्वारीचं पीठ!

“भाकरी येते तुला?”

“तुवो येतो. आमच्या नायजेरियात पीठ शिजवून मऊ गोळा करतात, सोबत भेंडीचं सूप. मस्त बुळबुळीत.”

“शी! तो बुळबुळीतपणा घालवायला आम्ही अर्धा तास परततो!”

“मग उरतं काय?” त्यानं इतकं कळवळून विचारलं, की ती खळखळून हसली.

“नायजेरियात सगळे हेच खातात?”

“भारतात सगळे इडली खातात?”

आश्लेषानं जीभ चावली. ऑफिसात कुणी ‘तू हिंदू बोलतेस का’ विचारलं की हीच बाई दिवसभर फणफणायची!

त्याचं नाव नसिरू. कानो शहरातला, हौसा. घरात त्याच्याबरोबर दोघं राहायचे – कुनले योरुबा, ओबिना इग्बो. तिघांचे तीन समाज, तीन भाषा, भांडायला इंग्रजी. काकांचा व्हिडिओ कॉल आला की कुनले फोनसमोर चक्क साष्टांग आडवा व्हायचा. ओबिनाकडे पाहुणा आला की आधी सुपारीसारखं कोलाचं बी, त्यावर प्रार्थना, मग त्याचे तुकडे सगळ्यांना. तोवर गप्पांना सुरुवात नाही.

“आणि तुम्हा हौसांचं काय?” तिनं एकदा विचारलं.

“आमची कुन्या. म्हणजे लाज... मर्यादा. चारचौघांत नजर खाली, बोलणं कमी.”

“म्हणून बघत नाहीस होय माझ्याकडे?”

“बघतो की...” तो कपातल्या चहाला म्हणाला, “तू बघत नसतेस तेव्हा.”

संपलं! त्या दिवसापासून पोरगी गेलीच कामातून.

दिवाळीत मराठी मंडळाचा कार्यक्रम होता. आश्लेषानं बटाट्याच्या भाजीचं भलंमोठं पातेलं केलेलं, ते उचलायला नसिरू आला. हॉलच्या दारातच शुभाकाकू भेटल्या. अमेरिकेत आल्यावर पहिले सहा महिने आश्लेषा यांच्याच घरी राहिली होती. इकडे काकूंना कळलं की तिकडे सोलापुरात आईला कळलंच म्हणून समजा.

“हा कोण गं?”

“हे... ते... मदतीला आलेत, काकू.” तिची मान खाली, कान लालेलाल.

“बरं झालं बाई! मग खुर्च्याही लावायला सांग ना त्याला.”

त्यानं खुर्च्या लावल्या. हसत हसत, रांगा अगदी सरळ. आश्लेषा कोपऱ्यात रांगोळीत तोंड खुपसून बसली होती. आफ्रिकेतला, त्यात मुसलमान... लोक काय म्हणतील? आणि ‘लोक’ म्हणता म्हणता आपणच ते म्हणतोय, हे तिला कळत होतं. पण तोंड उघडलं नाही ते नाहीच.

मग काकूंनी दोघांना बर्फ आणायला पिटाळलं. बाहेर पावसाची भुरभुर होती. बर्फाच्या पिशव्या मागच्या सीटवर टाकून दोघं परत निघाले, तर नसिरू आपला गाडी चालवता चालवता एकटाच हसतोय!

“काय झालं?”

“तू त्यांच्यासमोर माझं नाव घेतलं नाहीस. मान खाली घातलीस.” तो थांबला. “माझ्या आईनं जन्मात कधी बाबांचं नाव घेतलं नाही. कुन्या. मला आज वाटलं... मी तुझा झालो.”

आश्लेषाला आजी आठवली. तिनं तरी कुठं आजोबांचं नाव घेतलं होतं कधी? ‘हे’ आणि ‘अहो’ यांत उभा जन्म काढला. नुसतं ‘आमच्यातही असंच असतं’ म्हटलं की सुटका! आणि ते खोटंही नव्हतं.

“आमच्यातही...” ती म्हणाली, आणि पुढचं तिच्याच्यानं बोलवेना. “नसिरू, ती कुन्या नव्हती. मला तुझी लाज वाटली. मी सांगितलं, तू मदतीला आलेला माणूस आहेस. म्हणून तुला खुर्च्या लावायला लावल्या.”

वायपर फिरत राहिले. त्याचं हसू कधी गेलं ते तिनं पाहिलं नाही, तेवढी हिंमतच नव्हती. हॉलपाशी त्यानं गाडी थांबवली.

“मी बाहेरच थांबतो,” तो म्हणाला. “मदतीला आलेला माणूस बाहेरच बरा.”

इतकं हळू बोलला, की त्यापेक्षा ओरडला असता तर बरं झालं असतं.

ती उतरली ती तरातरा आत. काकू वाढपाच्या टेबलापाशी होत्या, भोवती निम्मं मंडळ.

“काकू, मघाशी खोटं बोलले मी. खुर्च्या लावल्या ना, तो नसिरू. माझं प्रेम आहे त्याच्यावर. लग्न करीन तर त्याच्याशीच. त्यानं अजून विचारलेलं नाही, आणि आता विचारेलसं वाटत नाही.” तिला रडू फुटलं. “आईला आजच सांगा हवं तर.”

“अगं बाई!” काकूंच्या हातातला डाव तसाच राहिला. “आणि मी त्याला खुर्च्या...” त्या एकदम ओशाळून दाराकडे बघायला लागल्या.

दारात नसिरू उभा होता. बर्फ विसरून गेली म्हणून दोन्ही हातांत पिशव्या घेऊन आलेला. मराठी त्याला ओ की ठो कळत नव्हतं, पण आपलं नाव त्यानं ऐकलं होतं. सगळा हॉल त्याच्याकडे बघत होता.

“काय म्हणालीस तू?”

“गाडीत सांगते.”

“नाही,” तो म्हणाला. पिशव्यांतून पाणी गळत होतं, पण त्यानं त्या खाली ठेवल्या नाहीत. “इथे सांग. यांच्यासमोर.”

आश्लेषानं डोळे पुसले, मान वर केली, आणि सगळं पुन्हा इंग्रजीत सांगितलं.